वेदीवरचे लग्न आणि कचेरीतली नोंद



समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता द्यावी की नाही, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निकाल दिला. ते दिवस आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या जमवण्याचे असतात. नेकनूरच्या बाजारात त्या दिवशी या निकालाची फारशी चर्चा झाली असेल असे आम्हाला वाटत नाही. पण आता घरोघरी मोबाइल आहे. तरुण मुले काही पाहतात, काही वाचतात आणि मिस्सेनंतर विचारतात, "दोघांना एकत्र राहायचे आहे, तर त्यात आपल्या ख्रिस्तसभेचे काय बिघडते?" वडीलधारी माणसे वेगळेच विचारतात, "पोपसाहेबांनी आता असल्या लग्नांना परवानगी दिली म्हणे, खरे का?" दोन्ही प्रश्न ऐकीव माहितीवर उभे आहेत. म्हणून आधी काय घडले ते थोडक्यात पाहू.

इंग्रजांच्या काळात, १८६० साली झालेल्या भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाने असे संबंध गुन्हा ठरवले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सज्ञान व्यक्तींच्या खासगी आयुष्यापुरते ते कलम बाद केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते पुन्हा उभे केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने, सज्ञान व्यक्तींनी परस्परांच्या संमतीने ठेवलेला संबंध गुन्हा नाही, असा निर्णय दिला. गुन्हा नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच. गुन्हा नसेल, तर त्या दोघांचे एकमेकांशी नाते काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या एका जोडप्याने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या मागोमाग आणखी अनेक आल्या. धर्म वेगळा असलेल्यांना लग्न करता यावे म्हणून जो विशेष विवाह कायदा १९५४ साली झाला, त्याच कायद्याखाली आमचीही नोंद व्हावी, अशी त्यांची मागणी होती. एप्रिल आणि मे २०२३ मध्ये दहा दिवस सुनावणी चालली. केंद्र सरकारने विरोध केला. विवाह म्हणजे काय हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाचा नसून संसदेचा आहे, असे त्याचे म्हणणे होते.

निकालात पाचही न्यायमूर्ती एका गोष्टीवर एकमत झाले : विवाह करणे हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या कायद्यात न्यायालय नवे शब्द घालू शकत नाही. मतभेद झाला तो पुढच्या पायरीवर. विवाह नाही, पण निदान असे सहजीवन मान्य करून त्याला संरक्षण देण्याचे बंधन सरकारवर आहे का? सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल 'आहे' म्हणाले. न्यायमूर्ती रवींद्र भट, हिमा कोहली आणि नरसिंहा 'नाही' म्हणाले. तीन विरुद्ध दोन. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या.

या वादात महाराष्ट्र कुठे होता? बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्येच लोकसभेत खासगी विधेयक मांडून विशेष विवाह कायद्यात बदल मागितला होता. खासगी विधेयकांचे जे होते तेच त्याचे झाले. सुनावणी चालू असताना केंद्राने राज्यांचे मत मागवले, तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी सरळ विरोध कळवला. महाराष्ट्राने मात्र, विषयावर व्यापक चर्चा हवी, लगेच उत्तर देता येत नाही, असे सांगितले. ती व्यापक चर्चा नंतर कुठे झाली, हे आम्हाला तरी दिसले नाही.

आपल्या बीड जिल्ह्यालाही हे विषय अगदी परके नाहीत. जिल्ह्यातील एका महिला पोलीस शिपायाने २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, शेवटी शासनाने परवानगी दिली आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पुढे २०२० मध्ये त्या शिपायाचे एका तरुणीशी लग्न झाले. हे प्रकरण समलिंगी विवाहाचे नव्हे. कायद्याच्या नजरेत ते पुरुष आणि स्त्री यांचे लग्न आहे, आणि अशा लग्नांना सध्याच्या कायद्यात अडथळा नाही, हे २०२३ च्या निकालातही सांगितले आहे. लोक या दोन गोष्टींची मिसळ करतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता ख्रिस्तसभेची शिकवण. ती बदललेली नाही, आणि ती बदलणे आमच्या हातातही नाही. विवाह संस्कार एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यामध्ये, आयुष्यभरासाठी आणि अपत्यांच्या स्वागतासाठी मन मोकळे ठेवून होतो. पोप फ्रान्सिस ब्युनोस आयर्सचे कार्डिनल होते तेव्हा, २०१० मध्ये, अर्जेंटिनातील समलिंगी विवाहाच्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला होता. पोप झाल्यावर त्यांनी अशा जोडप्यांना कायद्याचे काही संरक्षण असावे असे म्हटले, समलिंगी असणे हा गुन्हा नाही असेही जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. पण विवाह या शब्दाला हात लावला नाही. डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने आशीर्वाद मागणाऱ्या अशा दोघांसाठी धर्मगुरूने साधी प्रार्थना करण्यास मुभा दिली. विधी नाही, लग्नाचा पोशाख नाही, विवाहाचा भास होईल असे काहीच नाही. 'परवानगी दिली म्हणे' ती एवढीच. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनीही त्याच महिन्यात परदेशी राजदूतांपुढे बोलताना कुटुंबाचा पाया म्हणून स्त्री आणि पुरुष यांच्या स्थिर मिलनाचाच उल्लेख केला.

२००३ मध्ये कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने निघालेल्या व्हॅटिकनच्या पत्रकात कॅथलिक लोकप्रतिनिधींनी अशा कायद्यांना विरोध केला पाहिजे, असे स्पष्ट म्हटले आहे. ते लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पण त्याच पत्रकात आणखी एक विचार आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. अशा व्यक्तींना नागरिक म्हणून आपले हक्क राखण्यासाठी विवाहाच्या मान्यतेची गरज नाही, कारण सर्वांसाठी असलेल्या सामान्य कायद्यांचा आधार त्या घेऊ शकतात, असे तिथे म्हटले आहे. हा युक्तिवाद आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्यावर एक काम टाकतो. सामान्य कायद्याचा आधार त्यांना खरोखर मिळतो का, हे पाहण्याचे काम.

आपल्याकडे काय दिसते? समजा दोन मैत्रिणी वीस वर्षे एका घरात राहिल्या. एकीला रुग्णालयात नेले. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर 'नाते' असा एक रकाना असतो. दुसरीने तिथे काय लिहायचे? वीस वर्षे तोंड न दाखवलेला भाऊ येऊन सही करू शकतो, हिचे मात्र अडते. मृत्युपत्र करून घर तिच्या नावे ठेवता येईल. कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार नाही. २०२३ च्या निकालात केंद्राने या अडचणी पाहण्यासाठी कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे आश्वासन दिले आणि २०२४ मध्ये समिती नेमली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राकडून पत्रके निघाली : अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले समजावे, संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि नॉमिनी लावण्यास आडकाठी नाही. कोणाच्या श्रद्धेला यात धक्का लागला? वेदीवर काय बदलले? काहीच नाही. पत्रके कागदावर आहेत, रेशन दुकानदारापर्यंत ती पोचली का हा निराळा प्रश्न. पण दिशा बरोबर आहे, असे आमचे मत आहे. रुग्णालयाच्या त्या रकान्यालाही असेच उत्तर मिळाले, तर कॅथलिक म्हणून आपण त्याला विरोध करण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

कोणी म्हणेल, हा उंटाच्या पिलाला तंबूत घेण्याचा प्रकार आहे. आज रेशनकार्ड, उद्या लग्न. भीती अगदीच निराधार नाही. आयर्लंडसारख्या कॅथलिक देशात आधी सहजीवनाची नोंद आली आणि २०१५ मध्ये सार्वमताने ६२ टक्के लोकांनी विवाहालाही होकार दिला. पण त्या कौलानंतरही आयर्लंडच्या कॅथलिक चर्चमध्ये समलिंगी विवाह लागत नाहीत. सरकारची नोंद आणि ख्रिस्तसभेचा संस्कार या दोन गोष्टी तिथे वेगळ्याच राहिल्या.

त्या वेगळ्या असतात हे आपल्याला तर चांगले ठाऊक असायला हवे. आपली लग्ने १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली नोंदवली जातात. घटस्फोटासाठी १८६९ चा कायदा आहे; २००१ च्या दुरुस्तीपर्यंत त्यात ख्रिस्ती स्त्रीला केवळ नवऱ्याच्या व्यभिचाराच्या कारणावरून घटस्फोट मिळत नव्हता. कोर्टाने घटस्फोट दिला तरी ख्रिस्तसभेच्या दृष्टीने ते दोघे पती-पत्नीच राहतात. उलट, ख्रिस्तसभेच्या न्यायासनाने एखादा विवाह मुळातच रद्दबातल ठरवला तरी सरकार तो मान्य करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये ते पुन्हा एकदा सांगितले. गोव्यात तर कॅथलिक जोडपी आधी निबंधकाच्या कार्यालयात जातात आणि मग चर्चमध्ये. म्हणजे कचेरीतली नोंद आणि वेदीवरचे लग्न यांची फारकत आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो आहोत. कचेरी घटस्फोट देते म्हणून आपण कधी मोर्चे काढले नाहीत. आपल्या घरात संस्कार जपला की झाले, असेच म्हटले. मग नेमक्या याच एका विषयात सरकारी नोंदवहीने आपला धर्म बुडेल असे का वाटावे?

कागदाची किंमत काय असते हे मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला कोणी शिकवायला नको. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दाखला हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळू लागला, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. गावाने जात सोडली नाही, सरकारने सवलत मात्र काढून घेतली. आपण म्हणत आलो की आमच्या प्रार्थनेशी सरकारचा संबंध नाही, आमच्या भाकरीशी आहे. ही दोन दुःखे सारखी आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण 'तुम्ही आहात, पण आमच्या नोंदवहीत नाही' हे वाक्य ऐकून जे वाटते, ते आपल्याला अनोळखी नाही.

इथपर्यंत दिल्ली आणि व्हॅटिकनच्या गोष्टी झाल्या. आम्हाला खरे सांगायचे आहे ते आपल्या घरांबद्दल.

लग्नाला नकार देणारा मुलगा आपल्याकडे फार दिवस टिकत नाही. पंचविशी उलटली की मामा येतात, आत्या येते, स्थळे येतात. मुलगा टाळतो. क्वचित एखादा धीर करून आईला सांगतो की मला बायकांकडे ओढाच नाही. आई रडते, बाप बोलणे टाकतो, आणि मग सगळ्या गावाला माहीत असलेला उपाय निघतो : लग्न लावून टाका, सुधारेल. महिन्याभरात हळद लागते. जिला काहीच सांगितलेले नाही अशी एक मुलगी घरात येते. वर्ष जाते, दोन वर्षे जातात, मूल होत नाही आणि बोलणी तिला खावी लागतात. तिलाच देवऋषाकडे नेतात, तिचीच तपासणी होते. माहेरी सांगावे तर काय सांगावे? मुलगा कधी दारूला लागतो, कधी पुण्याला निघून जातो, कधी त्याहून वाईट काही करून घेतो. आणि मुलीच्या बाबतीत हेच असेल, तर तिला 'नाही' म्हणण्याची तेवढीही सवड मिळत नाही.

आता ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा काय म्हणतो ते पाहा. विवाह होतो तो वधूवरांच्या संमतीने. ती संमती जगात दुसरे कोणीही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. बळजबरीने किंवा मोठ्या धाकाने घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. संसारावर मुळातूनच आघात करील अशी बाब लपवून, फसवून होकार मिळवला असेल तर तो विवाह मुळातच होत नाही. विवाहाची मूलभूत कर्तव्ये पार पाडण्याची मानसिक क्षमताच नसेल तरीही तेच. सोन्याच्या अंगठ्या, मंडप, जेवणावळ, पाचशे माणसांचे फोटो, सगळे असून संस्कार नाही. म्हणजे समलिंगी विवाहाविरुद्ध आपण तावातावाने बोलतो आणि त्याच वेळी आपल्याच मुलाला वेदीपुढे उभे करून ख्रिस्तसभा ज्याला विवाह मानत नाही असे काहीतरी घडवून आणतो. हैदराबादच्या त्या दोघांनी आपल्या वेदीला हात लावलेला नाही. तिचा अवमान होतो तो इथे, आपल्या हातून.

मग अशा मुलाने करावे काय? ख्रिस्तसभा त्याला ब्रह्मचर्य सांगते. ते कठीण आहे, आणि ते सांगणाऱ्यांनी ते कठीण आहे हे मान्य करूनच सांगावे, असे आम्हाला वाटते. एकट्या माणसाला आपल्या गावात धड घर भाड्याने मिळत नाही. आजारपणात पेज करून देणारे कोणी नसते. एकटे राहा म्हणायचे आणि एकट्याला जगू द्यायचे नाही, हा न्याय नव्हे. ख्रिस्तसभेचा कॅटेकिझम अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे वागवा, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नका, असे सांगतो. ही काही पाश्चात्त्यांची फॅशन नाही. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी २०१३ मध्येच, समलिंगी विवाह आम्हाला मान्य नाही पण या माणसांना गुन्हेगार मानणेही मान्य नाही, अशी भूमिका जाहीरपणे घेतली होती. मुलगा देवळात येतो, बायबल वाचनाला उभा राहतो, ख्रिस्तजन्माचा गोठा बांधतो, तोवर तो सर्वांचा लाडका असतो. कुजबूज सुरू झाली की त्याची जागा शेवटच्या बाकावर जाते आणि मग तिथूनही तो उठतो.

विवाहाचे पावित्र्य राखायचे म्हणतो, तर आपल्या जिल्ह्यात लग्नाचे आज काय चालले आहे तेही पाहिले पाहिजे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. राज्याचे प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आहे. कारणे आपल्याला पाठ आहेत. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराचा अर्धा कोयता. उचल पुरी मिळावी म्हणून पोराचे लग्न, आणि पोरगी मागे एकटी कोणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून तिचेही लग्न. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी ऊस बांधते, मोळ्या वाहते, पाच महिने पालात राहते. तिला कोणी विचारले होते का? गरिबीचा रेटा आम्ही जाणतो. ज्यांच्या घरी दोन वेळची चूल पेटते त्यांनी ऊसतोड्याला उपदेश करू नये. पण विवाहावर संकट आले म्हणून जे चिंता करतात, त्यांच्या तोंडी या मुलींचे नाव कधी ऐकू येत नाही, याचे आम्हाला नवल वाटते. दिल्लीतल्या खटल्याबद्दल मत देणे सोपे आहे, कारण त्यात आपल्या घरचे कोणी नाही असे आपण धरून चालतो.

उन्हाळ्यात कारखान्यांचे पट्टे पडतात, टोळ्या परत येतात आणि लग्नसराई सुरू होते. लग्नाआधी वधूला आणि वराला वेगवेगळे बसवून फादर काही प्रश्न विचारतात, उत्तरे लिहून घेतात आणि सही घेतात. स्वखुशीने येत आहात ना, कोणाचा दबाव नाही ना, एकमेकांपासून काही लपवलेले नाही ना. पुष्कळदा ही चौकशी घाईत उरकली जाते. दारात मामा उभे असतात, पत्रिका छापून झालेल्या असतात, मंडपवाल्याला विसार दिलेला असतो. आमची विनंती आहे की ही चौकशी पत्रिका छापण्याआधी व्हावी आणि त्या वेळी नातेवाइकांनी फाटकाबाहेर थांबावे. आत मुलाला किंवा मुलीला 'नाही' म्हणायचे असेल, तर ते म्हणू द्यावे. आणि फादरांनी बाहेर येऊन हे लग्न होणार नाही असे सांगितले, तर कारण विचारू नये.